द्वारकेचे दार आणि बेचा पाढा

नाशिकमध्ये मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता मिळतो, तो चौक म्हणजे द्वारका. कोणी मूल त्याला 'दुवारका' म्हणाले की आपण शिक्षक लगेच चूक काढतो. पण 'द्व' जिभेला जड जातो तो आजच नव्हे. 'द'साठी जीभ दातांना टेकते, 'व'साठी ओठ जवळ येतात. दोन्ही एकदम साधणे कठीण, म्हणून एक वर्ण मागे पडतो. संस्कृत 'द्वार' मराठीत 'दार' झाले, 'व' गळाला. गुजरातीत ओठ जिंकले आणि 'बारणुं' झाले.

मराठीने दोन्ही वाटा धरल्या. आपण 'दोन' म्हणतो, पण पुढे 'बारा', 'बावीस'. आणि पाढ्यात तर दोनचाच 'बे' होतो. हा 'बे' किती जुना? द्वारकेहून मुंबईच्या दिशेला पांडवलेणी आहेत. तेथील 10 व्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने 2000 कार्षापण ठेवले. लेखात ही सहस्रे 'बे' आहेत! व्याजातून 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 'बारसक' द्यायचे होते. मुलांकडून हिशेब जरूर करून घ्यावा: महिन्याला 20, वर्षाला 240, ते 20 जणांत वाटले की प्रत्येकी 12. 'बारस' म्हणजे आपले बाराच.

इंग्रजीतही असेच घडले. संस्कृत, लॅटिनमधल्या 'द'च्या जागी जर्मानिक भाषांत 'ट' येतो, हा नियम याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडला: दश–टेन, द्वि–टू. जर्मनमध्ये हा 'ट' आणखी सरकून 'त्स' झाला: त्सेन, त्स्वाय. 'टू'च्या स्पेलिंगमधला डब्ल्यू मुलांना छळतो. एके काळी तो उच्चारला जाई, पण गोल स्वरापुढे विरून गेला. 'ट्वेल्व्ह'मध्ये पुढे 'ए' होता, म्हणून तो वाचला. ओठांचा वर्ण दोनमध्ये गेला, बारामध्ये राहिला. कारणे वेगळी, पण जोडी तीच.

मग 'द्वार'चे इंग्रजीत 'टोअर' का नाही, 'डोअर' का? चाणाक्ष विद्यार्थी हे विचारणारच. इंग्रजी 'ड'समोर संस्कृतात 'ध' हवा, म्हणजे मूळ शब्द 'ध्वार'सारखा असणार. दाराला फळ्या दोन, त्यामुळे त्यावर 'द्वि'ची छाप पडून 'ध'चा 'द' झाला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पहिली 'चूक' खुद्द संस्कृतातच झाली होती.