आडनाव बदलण्याची सक्ती कुणाची?

२०२४च्या पावसाळ्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा अर्ज महाराष्ट्रातल्या दोन कोटींहून अधिक बायकांनी भरला. त्या अर्जात नावासाठी असे रकाने होते: महिलेचं लग्नापूर्वीचं संपूर्ण नाव आणि लग्नानंतरचं संपूर्ण नाव. लग्न झालं म्हणजे नाव बदललंच असणार, हे अर्ज तयार करणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. आपल्या घरांतही तसंच धरून चालतात. हुंडा, मानपान, कार्यालयाचं भाडं, जेवणाच्या पंगती या सगळ्यांवर तासन् तास बैठका होतात. पण मुलगी उद्यापासून कोणतं आडनाव लावणार, हे तिला विचारणारं माणूस त्या बैठकीत सहसा नसतं.

म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते स्पष्ट सांगते. बाईनं लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे, असा कोणताही कायदा भारतात नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात तशी अट नाही, १९५४च्या विशेष विवाह कायद्यातही नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०११ साली कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि बाईला लग्नापूर्वीच्या नावानं दावा दाखल करण्याची वाट मोकळी झाली. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलण्याची गरज नाही, हे पंतप्रधानांनी एप्रिल २०१७मध्ये जाहीर केलं. तरीही 'लग्न झालंय ना, मग नाव का नाही बदललं?' हा प्रश्न बँकेच्या खिडकीवर, शाळेच्या प्रवेशाच्या टेबलावर, रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात आजही ऐकू येतो. विचारणाऱ्याला नियम माहीत नसतो, आणि आपल्यालाही माहीत नसला की आपण गप्प बसतो.

'आपल्याकडे पूर्वीपासून असंच आहे' हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. ते तपासून पाहायला हवं. शिवाजी महाराजांच्या राण्यांची नावं आठवा. सईबाई निंबाळकरांच्या, सोयराबाई मोहित्यांच्या, पुतळाबाई पालकरांच्या. त्यांच्या सूनबाई येसूबाई शिर्क्यांच्या, आणि आई जिजाबाईंना तर आजही सिंदखेडच्या जाधवांची लेक म्हणूनच ओळखतात. भोसल्यांच्या घरात येऊनही या बायकांचं माहेरचं कूळ पुसलं गेलं नाही. त्या कुळाला वजन होतं, सोयरिकीला अर्थ होता.

एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षित घरांत मात्र चित्र वेगळं दिसतं. कल्याणच्या गणपतराव जोशींची यमुना गोपाळराव जोशांच्या घरी गेली. आडनाव दोन्हीकडे तेच, तरी मुलीचं नाव बदललं आणि यमुनाची आनंदी झाली. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाली ती आनंदीबाई. कुर्लेकरांच्या यमुनेची रमाबाई रानडे झाली, गोखल्यांच्या मनकर्णिकेची लक्ष्मीबाई टिळक झाली. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचा विधी अनेक घरांत अगदी काल-परवापर्यंत चालू होता, काही घरांत आजही आहे. माझ्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना माहेरच्या नावानं हाक मारणारं माणूस शेवटी उरलंच नव्हतं.

त्याच काळात अपवादही होते, आणि ते लहान नव्हते. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांचं शिंदे हे आडनाव वडिलांचं, बापूजी हरी शिंदे यांचं. त्यांचं लग्न झालं होतं, तरी पुस्तकावर आणि इतिहासात त्यांचं नाव राहिलं ते माहेरच्या आडनावासह. पुढे १९३३ साली बाळूताई खरे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं ते विभावरी शिरूरकर या नावानं, आणि लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एका बाईची तीन नावं. त्यांतलं वाचकांनी लक्षात ठेवलं ते तिनं स्वतः निवडलेलं.

आजच्या राजकारणातही अशी निवड दिसते. पंकजा मुंडे आणि पूनम महाजन यांनी वडिलांचं आडनाव सार्वजनिक जीवनात ठेवलं. सुप्रिया सुळे नवऱ्याचं आडनाव लावतात. यांतल्या कुणाच्याही निवडीवर गावात भांडण झालं नाही, व्हायचं कारणही नाही. ज्या आडनावामागे मतं, पैसा किंवा मोठी ओळख आहे ते बाईनं ठेवलं तर सगळ्यांना समजतं. मग एखाद्या शाळामास्तराच्या किंवा एसटी कंडक्टरच्या मुलीनं तिच्या बापाचं आडनाव ठेवलं तर ते सासरच्यांच्या मानावर का यावं? मला या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही.

'माहेरचं आडनाव तरी तुझं कुठे, तेही बापाचंच' असा एक युक्तिवाद हमखास होतो. नवऱ्याचं आडनावसुद्धा त्याच्या बापाचंच असतं, तरी ते त्याचं स्वतःचं नाही असं कुणी म्हणत नाही. पंचवीस-तीस वर्षं ज्या नावानं हजेरीला उत्तर दिलं, परीक्षा दिल्या, पगार घेतला, ते नाव तिचंच.

पण ज्या बायका आनंदानं आडनाव बदलतात त्यांना कमी लेखायचं कारण नाही. कुणाला नवरा, मुलं आणि आपण यांचं नाव एकच हवं असतं. कुणाच्या वडिलांनी आयुष्यभर छळलेलं असतं आणि ते आडनाव तिला टाकायचंच असतं. कुणाला आडनावावरून जात ओळखणाऱ्या नजरा नकोशा झालेल्या असतात. ही सगळी कारणं खरी आहेत. निर्णय तिचा असला की झालं.

आता कागदांकडे वळू, कारण बहुतेकींची दमछाक तिथेच होते. नाव बदललं म्हणून त्रास होतो असं नाही, आणि ठेवलं म्हणूनही नाही. त्रास होतो तो अर्धवट बदलल्यानं. आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, बँकेत दोन्ही, पासपोर्टवर तिसरंच. मग भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढताना नावं जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो. दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवी जन्माच्या नावावरच राहतात, त्यामुळे नाव बदलणाऱ्या प्रत्येकीला जुनं आणि नवं नाव जोडणारा पुरावा जन्मभर सांभाळावा लागतो. तो पुरावा म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून आलेली नावबदलाची नोंद. आधारवर नाव आयुष्यात साधारणपणे दोनदाच बदलता येतं, हे फार जणींना ठाऊक नसतं. लग्नात एकदा बदललं आणि पुढे घटस्फोट झाल्यावर परत घेतलं की दोन्ही संधी संपल्या.

ज्यांना आरक्षणाचा लाभ घ्यायचा आहे त्यांनी तर जास्तच जपायला हवं. जात जन्मानं ठरते, लग्नानं बदलत नाही. जातीचा दाखला आणि पडताळणीचे पुरावे, म्हणजे वडिलांचे-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, हे सगळं माहेरकडचं. ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभी राहणारी सून मतदार यादीत सासरच्या नावानं असते आणि दाखल्यावर माहेरच्या. ती एकच व्यक्ती आहे हे दाखवणारा कागद ऐन अर्ज भरण्याच्या दिवशी शोधावा लागला की धावाधाव होते.

जमिनीचंही तसंच. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला. वडील गेल्यावर वारसनोंदीत लेकीचं नाव लागतं, पण ते कोणत्या आडनावानं, यावर पुढच्या फेरफारांची गाडी अडते.

राज्य सरकारनं १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. चांगला निर्णय. पण त्याच निर्णयात विवाहित बाईचं नाव मात्र तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव याच क्रमानं नोंदवण्याची जुनी पद्धत कायम ठेवली. मालमत्तेच्या दस्तऐवजात तिला लग्नापूर्वीचं नाव लावण्याची मुभा दिली आहे, तेवढीच फट. आईचं नाव मानानं घ्यायचं आणि आईनं स्वतःचं नाव ठेवावं की नाही हे आधीच ठरवून टाकायचं, हे मला पटत नाही. माहेरच्या नावावर परतायचं तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र आणा, अशा केंद्राच्या अटीला एका महिलेनं २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. स्वतःचं नाव परत घ्यायला दुसऱ्याची परवानगी मागावी लागावी, यातच सगळं आलं.

दोन्ही आडनावं लावणाऱ्या मुली आता खूप दिसतात. घरातलं भांडण मिटवायचा तो समजूतदार मार्ग असतो. लग्नपत्रिकेवर, समाजमाध्यमांवर ती खुशाल लावावीत. कागदोपत्री लावायची असतील तर मात्र सगळीकडे एकाच क्रमानं, एकाच स्पेलिंगनं लावा.

माझं मत सरळ आहे: बदल न करणं हा नियम असावा आणि बदल हा निवडीचा भाग. लग्न ठरलेल्या प्रत्येकीनं हा निर्णय लग्नापूर्वी, शांतपणे, होणाऱ्या नवऱ्याशी बोलून घ्यावा, आणि त्यानंही तो आपल्या आईवडिलांना स्वतः सांगावा, तिच्यावर सोडू नये. आडनाव ठेवा वा बदला, विवाह नोंदणी मात्र लगेच करा. ठेवणाऱ्यांना तर ती जास्तच लागते, कारण विमा, पेन्शन आणि रुग्णालयातली संमती यांच्या वेळी नातं सिद्ध करणारा तोच कागद असतो. आणि खिडकीपलीकडच्या कुणी नाव बदलून आणायला सांगितलं, तर तसा नियम लेखी मागा.