बांधावरची विद्या : डॉ. पांडुरंग खानखोजे

क्रांतिकारक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पिस्तूल आणि फाशीचा दोर उभा राहतो. परंतु तारुण्यात सशस्त्र क्रांतीचा ध्यास घेऊन पुढील आयुष्य मक्याच्या कणसापाशी घालविणारा एक मराठी पुरुषही होऊन गेला. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचे नाव.

खानखोजे वर्ध्याकडचे. लोकमान्य टिळकांच्या शिकवणीने भारलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेस गेला. तेथे एकीकडे लष्करी शिक्षण आणि दुसरीकडे शेतकीचे, असे दोन्ही अभ्यास त्याने केले. १९१३ साली उदयास आलेल्या गदर चळवळीच्या आद्य कार्यकर्त्यांत त्याची गणना होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवरून इंग्रजांशी झुंजण्याचा प्रयत्न फसला आणि मायदेशाचे दार बंद झाले. १९२४ च्या सुमारास खानखोजे मेक्सिकोत पोहोचले व चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले.

मेक्सिकोत नुकतीच राज्यक्रांती होऊन गेली होती. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांस वाटण्याचे काम चालू होते. पण सातबारावर नाव चढले म्हणजे कोठीत धान्य पडतेच असे नाही, हे आपल्या गंगाखेडच्या शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. आपली भाकरी जशी ज्वारीची, तशी तेथील भाकरी मक्याची. म्हणून खानखोज्यांनी मका हाती घेतला.

मक्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. ताटाच्या शेंड्यावरचा तुरा हा नर. खाली पानाच्या बगलेत येणारे कणीस ही मादी. कणसाचे जे केस आपण उपटून टाकतो, त्यातील एकेक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. वाऱ्याने उडालेले पराग केसावर पडले तरच तो दाणा भरतो. त्यामुळे शेजारच्या शेतातील मका आपल्या मक्यात सहज मिसळतो. हवे तेच गुण एकत्र आणावयाचे, तर कोवळ्या कणसावर पिशवी बांधून निवडलेल्या तुऱ्याचेच पराग त्यावर टाकावे लागतात. यालाच संकर म्हणतात. इटलीत नाझारेनो स्त्राम्पेल्ली यांनी याच तत्त्वाने जपानी गव्हाशी तिकडच्या गव्हाचा संकर करून बुटके, लवकर येणारे वाण काढले होते. मेक्सिकोत तेओसिंते नावाचे मक्याचे रानटी भाईबंद गवत उगवते. त्यास पुष्कळ कणसे येतात, पण ती चिमुकली आणि दाणे कठीण. खानखोज्यांनी मक्याशी त्याचा संकर करून एकाच ताटावर अनेक कणसे आणण्याचे प्रयोग केले.

तथापि त्यांचे खरे मोठेपण मला दुसरीकडे दिसते. विद्यालयाच्या भिंतीआड राहिलेली विद्या गरिबाच्या काय कामाची? म्हणून त्यांनी खेडुतांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. इटलीत जन्मलेल्या तीना मोदोत्ती यांनी त्यांच्या कार्याची छायाचित्रे घेतली. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने भाकरी वाटून घेणाऱ्या माणसांचे जे भित्तिचित्र काढले, त्यातील भाकरी मोडणारा पुरुष खानखोज्यांवरूनच घेतला, असे सांगतात.

स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश अमदानीतील काळी यादी त्यांच्या परतण्याच्या आड आली. अखेर ते मायभूमीस आले आणि १९६७ साली नागपुरास निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षी मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे भारतात आले होते. ते वाण खानखोज्यांचे नव्हेत. ते श्रेय नॉर्मन बोरलॉग व त्यांच्या सहकाऱ्यांचे. भलते श्रेय देऊन थोरांची थोरवी वाढत नसते.

आपल्या परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथून गोदाकाठचे शेत फार दूर नाही. परंतु प्रयोगशाळा आणि बांध यांमधले अंतर कोसांत मोजता येत नाही. ते कमी करावयास शिकलेल्या माणसाने बांधावर जावे लागते, आणि शेतकऱ्याने त्यास प्रश्न विचारावे लागतात. देश स्वतंत्र करावयास निघालेल्या माणसाने कणसाचे दाणे का मोजले, याचे उत्तर यातच आहे. उपाशी माणसाचे स्वातंत्र्य अपुरे असते, हे त्यांनी जाणले होते.