रुळांवरची आणि रुळांखालची रेल्वे

अमेरिकेतील केंब्रिज शहरात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटी ही संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचा ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ १९४६ साली स्थापन झाला. रेल्वेची छोटी प्रतिकृती उभारायची आणि ती खऱ्या रेल्वेसारखी चालवायची, हे क्लबचे काम. प्रतिकृतीचे प्रमाण ‘एचओ’, म्हणजे १:८७. या प्रमाणात दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर भरते आणि ४० फुटी मालडबा १४ सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभरही नसतो.

क्लबचे पहिले मोठे बिऱ्हाड ‘बिल्डिंग २०’मध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या संशोधनासाठी १९४३ साली ही लाकडी इमारत घाईने बांधली गेली. युद्ध संपल्यावर ती पाडायची होती. प्रत्यक्षात ती ५५ वर्षे टिकली. इमारत तात्पुरतीच असल्याने भिंतीला भोक पाडून तार ओढली तरी कुणी हरकत घेत नसे. ही मोकळीक क्लबला फार मानवली.

क्लबमध्ये दोन प्रकारचे सदस्य असत. काहींचा जीव इंजिने, डबे, डोंगर आणि घरे यांत रमे. तर ‘सिग्नल्स अँड पॉवर’ उपसमिती टेबलाखालच्या तारांमध्ये गढलेली असे. सगळ्या रुळांना एकच वीज दिली, तर सगळी इंजिने एकदमच पळू लागतात. म्हणून रूळ छोट्या खंडांत तोडतात आणि गाडी पुढे सरकेल तसा पुढचा खंड तिच्या चालकाकडे जोडतात. हे काम क्लबने टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिले आणि स्विचांकडून करून घेतले. दोन गाड्या एकमेकींवर आदळणार असे दिसले, तर सदस्य खोलीत ठिकठिकाणी बसवलेल्या बटणांपैकी एखादे दाबत. नियंत्रण फलकावरचे घड्याळ थांबे आणि त्यावर आकड्यांऐवजी ‘फू’ हा शब्द उमटे.

याच मंडळींना पुढे संगणकाने ओढून घेतले. ‘हॅक’ हा शब्द कल्पक तांत्रिक करामत या अर्थाने त्यांच्या बोलण्यात रुळला आणि क्लबच्या १९५९च्या शब्दकोशात नोंदला गेला. १९६२ साली ‘स्पेसवॉर’ हा संगणकीय खेळ तयार झाला, तेव्हा तो खेळण्यासाठी ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी क्लबमधल्याच सुट्या भागांतून नियंत्रक पेट्या बनवल्या.

१९९८ साली बिल्डिंग २० पाडली गेली. त्याआधीच क्लबला ‘एन ५२’ या इमारतीत हलावे लागले. जुन्या रेल्वेचा बराचसा भाग या स्थलांतरात मोडला आणि उभारणी पायापासून सुरू झाली. अशा कामाचा क्रम ठरलेला असतो: आधी लाकडी चौकट, तिच्यावर फळ्या, मग रूळ आणि सांधे, नंतर प्रत्येक खंडाची तार आणि तिची चाचणी. डोंगर-झाडे सर्वांत शेवटी येतात, कारण एकदा प्लास्टर चढले की त्याखाली सुटलेला टाका शोधणे जिकिरीचे होते.

नव्या रेल्वेत रिलेची जागा लिनक्स संगणक आणि त्याच्या हुकमतीखालच्या छोट्या मायक्रोकंट्रोलरांनी घेतली. या यंत्रणेचे नाव ‘सिस्टिम ३’. बाजारात मिळणाऱ्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनात चिप बसवावी लागते. क्लबने मात्र खंडांची जुनी रीत सोडली नाही. कोणता खंड कोणत्या गाडीला जोडायचा, हे आता संगणक ठरवतो. त्यामुळे चिप नसलेली जुनी इंजिनेही धावू शकतात. देखावा १९५०च्या दशकातला आहे. वाफेची आणि डिझेलची इंजिने तेव्हा शेजारशेजारच्या रुळांवर दिसत.

या रेल्वेच्या कडेला एमआयटीच्या उंच ‘ग्रीन बिल्डिंग’ची प्रतिकृती उभी आहे. तिच्या खिडक्यांत दिवे बसवलेले असून त्यांच्या उघडझापीतून ‘टेट्रिस’ हा खेळ खेळता येतो. एप्रिल २०१२ मध्ये एमआयटीतल्या हौशी करामतकारांनी हाच खेळ खऱ्या ग्रीन बिल्डिंगच्या खिडक्यांवर उजळवला.