जुनी गाडी ट्रॅकवर नेताय? ॲप दाखवत नाही तो आकडा आधी बघा

ट्रॅक डे म्हणजे रेस नाही. बंदिस्त ट्रॅकवर फी भरून आपली रोजची गाडी थोडा थोडा वेळ मोकळेपणाने पळवायची, एवढंच. त्यासाठी पोर्श लागत नाही. सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय किंवा जुनी होंडा सिटी व्हीटेकही चालते.

खरी अडचण अंतराची आहे. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे (२.१ किमी), चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक (३.७ किमी) आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट (५.१ किमी) हे तिन्ही उल्हासनगरपासून हजार किलोमीटरहून लांब आहेत. ज्या गाडीने जाणार तिनेच घरी यायचंय. म्हणून पहिला प्रश्न "किती पळेल?" हा नाही, "किती टिकेल?" हा आहे.

१. घेण्याआधी: फोन बाहेर काढा

२०१३ नंतरच्या गाड्यांमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात ब्लूटूथ डोंगल लावा आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप उघडा. (२००० च्या आसपासच्या सिटीत हे चालेलच असं नाही.)

"एकही फॉल्ट कोड नाही" एवढ्यावर खूश होऊ नका. विकणारा कोड पुसून ठेवू शकतो. त्यासाठी दोन गोष्टी बघा:

- कोड पुसल्यापासूनचं अंतर: हा आकडा १५-२० किमी असेल, तर कोणीतरी नुकतीच साफसफाई केलीय.
- रेडिनेस मॉनिटर: बरेचसे "अपूर्ण" दिसले, तर गाडीने स्वतःची तपासणी अजून संपवलेलीच नाही. पण बॅटरी काढली तरी असं होतं, म्हणून आधी विचारा.

आपल्या भागात आणखी एक तपासणी हवीच. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ ला बदलापुरात उल्हास नदीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग दिसतो का बघा. कार्पेट उचला, सीटखालच्या रेल्सवर गंज शोधा. पाण्यात बुडालेली गाडी ट्रॅकसाठी घेऊच नका.

२. ब्रेक: सगळ्यात आधी इथे खर्च करा

थोडं गणित करू. ड्रायव्हरसकट १,२०० किलोची गाडी ताशी १४० वरून ६० किमीवर आणली, की सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा निघते. तेवढ्यात सव्वादोन लिटरहून जास्त पाणी उकळीला येतं. ही जवळपास सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते, तीही काही सेकंदांत आणि प्रत्येक लॅपला पुन्हा पुन्हा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस हवा. ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंत चालतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

हा तो आकडा. साध्या गाडीत ब्रेक ऑइलच्या तापमानाचा सेन्सर नसतो, त्यामुळे कुठलंही ओबीडी ॲप तो दाखवू शकत नाही. डॅशबोर्ड अगदी स्वच्छ आणि पेडल मात्र पोकळ, असं होऊ शकतं. कोडिंगमध्येही तेच: लॉगमध्ये एरर नाही म्हणजे बग नाही, असं नसतं.

म्हणून जाण्याआधी नवीन डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरून घ्या. डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं. पॅड जाड आणि चांगले हवेत. शेवटचा लॅप हळू मारून ब्रेक थंड करा आणि पार्क केल्यावर हँडब्रेक ओढू नका.

ईसीयू रीमॅपची घाई नको. वेग १४० ऐवजी १६० झाला, की त्याच वळणावर ब्रेकवरची उष्णता एक तृतीयांशाहून जास्त वाढते.

३. टायर

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक होतं. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब १ पीएसआय वाढतो, म्हणून ट्रॅकवर गरम टायरचा दाब मोजून हवा कमी करतात. परतीच्या हायवेआधी ती पुन्हा भरायला विसरू नका.

४. फोन ट्रॅकवर

फोनचं जीपीएस बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच जागा सांगतं. ताशी १४० च्या वेगात तेवढ्यात गाडी ३९ मीटर पुढे जाते. लॅप टाइम अचूक हवा असेल तर सेकंदाला १० वेळा मोजणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्या. फोन घट्ट बसवा, नाहीतर पिटमध्ये ठेवून जा. लॅप चालू असताना बघायचं एकच: कूलंटचं तापमान. ते नेहमीपेक्षा वर चढत राहिलं की पिटमध्ये या.

५. काटई-बदलापूर रोड हा ट्रॅक नाही

रात्री दोन वाजताही नाही. परवानगीशिवाय रस्त्यावर रेस लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. आणि ट्रॅकवरही नेहमीच्या विम्यावर विसंबू नका: रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यातून वगळलेलं असतं. जाण्याआधी पॉलिसीतली ती ओळ वाचा.

थोडक्यात क्रम असा: तपासणी, ब्रेक ऑइल, पॅड, टायर, कूलंट. त्यानंतर पैसे उरले तर ताकद.