सगळ्यांचा समुद्र, सगळ्यांची नोंद

जगभरच्या समुद्रांत आज सुमारे ४,००० ‘आर्गो’ यंत्रे तरंगत आहेत. हे नळकांडे १,००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहते. साधारण दर दहा दिवसांनी ते २,००० मीटरपर्यंत बुडी मारते आणि वर येताना पाण्याचे तापमान व क्षारता मोजते. त्याला ना इंजिन, ना पंखा! आतले तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलले की त्याचे आकारमान वाढते, घनता घटते आणि यंत्र आपोआप वर येते.

पण मला या यंत्राहून मोठी वाटते ती त्यामागची समजूत. वीसहून अधिक देश आपापल्या खर्चाने यंत्रे सोडतात. उपग्रहामार्फत आलेली माहिती मात्र बहुधा २४ तासांत सर्वांना मोफत मिळते. समुद्री हद्दींचा प्रश्न नाजूकच होता. यंत्र वाहत कुणाच्याही पाण्यात शिरणार. म्हणून १९९९ साली युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने ठरवले, की अशी शक्यता असल्यास किनारी देशाला आधी कळवायचे.

भारतातर्फे हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था पाहते. बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे पाणी वरच्या थरात पसरते. त्याखाली किती उष्णता साठली आहे, हे पृष्ठभाग पाहणाऱ्या उपग्रहाला दिसत नाही, आर्गोला कळते. चक्रीवादळाची ताकद जोखायला आणि मोसमी पावसाच्या प्रारूपांना हीच माहिती लागते.

भूगोलाच्या शिक्षकांनी आर्गोचा नकाशा वर्गात जरूर उघडावा. तो पाहायला परवानगी लागत नाही, पैसेही नाहीत.