लाल औषध आणि सातबाऱ्याची नक्कल

आष्टी तालुक्यातून परळच्या टाटा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण घेऊन गेलेले नातेवाईक परत आल्यावर आम्हांस विचारतात, "सलाईनमधून लाल औषध दिले आणि लघवीही लाल झाली. हे रक्त तर नव्हे?"

नव्हे. तो औषधाचाच रंग. एक-दोन दिवसांत जातो. औषधाचे नाव डाऊनोरुबिसिन. इटलीतील कास्टेल डेल मॉन्टे या तेराव्या शतकातील किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जंतूपासून ते मिळाले. मृगाच्या पहिल्या सरीने मातीला जो वास सुटतो, तो याच कुळातील जंतूंचा.

हे औषध करते काय? तलाठ्याचे दफ्तर आठवा. मूळ नोंद दफ्तराबाहेर जात नाही, कामापुरती नक्कल मिळते. (आता ती संगणकावर मिळते, तो भाग वेगळा.) पेशीचेही तसेच. डी.एन.ए. हे केंद्रकातील मूळ दफ्तर, आर.एन.ए. ही त्याची नक्कल. नकलेवरून प्रथिने बनतात आणि प्रथिनांवाचून पेशी जगत नाही. नक्कल उतरविणारा कारकून म्हणजे आर.एन.ए. पॉलिमरेज हे विकर. ते डी.एन.ए.च्या पिळदार शिडीची एकेक पायरी वाचत सरकते. डाऊनोरुबिसिनचा चपटा रेणू दोन पायऱ्यांच्या फटीत पाचरीसारखा बसतो. कारकून अडतो, नक्कल अर्धवट राहते. शिवाय पीळ सैल करण्यासाठी शिडी कापून पुन्हा सांधणारे दुसरे एक विकर असते. औषध त्याला सांधू देत नाही. शिडी तुटलेलीच राहते, आणि पेशी मरण्याचे मोठे कारण हेच, असे आज मानले जाते.

औषधाला आपले-परके कळत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशीला फटका जास्त. म्हणून रोगी पेशींबरोबर केसांची मुळे, तोंडाचे अस्तर आणि अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही सापडतात. केस गळतात, तोंड येते. केस पुन्हा उगवतात, त्याचे एवढे दुःख नको. खरी भीती पांढऱ्या पेशी उतरल्यावर येणाऱ्या तापाची. तो गावातली गोळी घेऊन अंगावर काढू नये, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. हृदयालाही या औषधाने इजा होऊ शकते, म्हणून जन्मभरात एकूण किती दिले याचा हिशेब डॉक्टर ठेवतात. जुनी फाइल सांभाळावी.

पहिल्या फेरीनंतर रक्ताचा अहवाल चांगला आला की काही घरे उपचार सोडतात. प्रवास, मजुरी बुडणे, सारे आम्हांस ठाऊक आहे. पण अहवालात न दिसणाऱ्या थोड्या पेशी मज्जेत उरलेल्या असतात, आणि त्यांच्या दफ्तरात नकला उतरविणे चालूच असते. पुढच्या फेऱ्या त्यांच्यासाठीच असतात.