तेलाची आग आणि फेस

सात रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या आपणां सर्वांस आग म्हटली की पाण्याचा बंबच आठवतो. यंत्रमागाच्या गावात ते साहजिकच आहे. 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 माणसे गेली, ते गाव विसरलेले नाही. सूत आतून धुमसते. त्याला पाणीच हवे. तेलाचे तसे नाही. पाणी तेलाहून जड, म्हणून ते तळाशी जाते आणि तेल वर जळतच राहते.

तेथे फेस लागतो. साधारण 97 भाग पाण्यात 3 भाग द्रावण मिसळून त्यात हवा खेळवली की तो होतो. दुधावर साय धरावी तसा तेलावर पसरून तो वाफ कोंडतो. त्यातून झिरपणारे पाणी तेल निववते. पण साय फाटली की आग पुन्हा डोके काढते! म्हणून पुरेसा साठा हाताशी घेऊन, मग न थांबता ओतावा लागतो. ऑक्टोबर 2017 मध्ये मुंबईजवळच्या जवाहर द्वीपावर वीज पडून डिझेलची टाकी पेटली, ती काही दिवस धुमसत होती.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. काही जुन्या फेसांतील फ्लोरीनयुक्त रसायने मातीत वर्षानुवर्षे टिकतात. तेव्हा कारखानदारांनी फेसाची चाचणी विहिरीजवळ घेऊ नये.